विज्ञानकथा आणि छोटा पडदा

विज्ञानकथा म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर अग्निबाण, यंत्रमानव आणि परग्रहावरील विचित्र प्राणी उभे राहतात. माझीही समजूत याहून वेगळी नव्हती. 'द ट्वायलाइट झोन' ही जुनी अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका पाहिली आणि ती समजूत पार बदलली.

1959 ते 1964 या काळात या मालिकेचे 156 भाग प्रक्षेपित झाले. तिला कायमचा नायक नाही की पुढे चालू राहणारे कथानक नाही. प्रत्येक भाग म्हणजे जणू स्वतंत्र लघुपटच! मालिकेचा जनक रॉड सर्लिंग हा मूळचा सामाजिक नाटके लिहिणारा लेखक. वर्णद्वेषासारख्या विषयाला हात घालताच प्रायोजक त्याच्या संहितेला कात्री लावीत. तेव्हा तेच प्रश्न त्याने अद्भुताच्या आवरणाखाली मांडले. 1960 मधील एका भागात एका गल्लीतील वीज जाते, मोटारी बंद पडतात आणि शेजारी एकमेकांना परग्रहवासी समजू लागतात. खरे परग्रहवासी मात्र दूर उभे राहून हे पाहत असतात. गल्लीचा घात गल्लीच करते.

या प्रकाराचे मर्म येथेच आहे, असे मला वाटते. नेहमीच्या जगात एकच गोष्ट बदलायची आणि माणसे कशी वागतात ते पाहायचे. दीर्घ मालिकेत नायकाला पुढच्या भागासाठी जपावे लागते. स्वतंत्र कथेला असे बंधन नसते. म्हणूनच कथासंग्रहासारखी मालिका विज्ञानकथेला मानवते.

मराठीत अशा कथांची वाण नाही. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्यांच्या 'धूमकेतू' या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू वळविण्यासाठी शास्त्रज्ञ झटत असतात, तर तो शोधणाऱ्याच्याच घरी शांतीसाठी यज्ञ होतो. संकट टळते, पण श्रेय कोणाचे?

ही कथा वाचताना मला 25 ऑक्टोबर 2022 ची संध्याकाळ आठवली. ऐन दिवाळीत खंडग्रास सूर्यग्रहण होते. परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी आजीने पाण्यात तुळशीपत्र टाकले आणि दार लावून घेतले. ग्रहण का लागते हे मला ठाऊक होते, मोबाइलवर त्याची वेळही मिनिटामिनिटाने दिसत होती. तरी मी घरातच बसून राहिलो. 'आजीचे मन मोडू नये म्हणून,' असे मी मित्रांना सांगितले. खरे सांगायचे तर थोडी भीती मलाही वाटली होती.

या प्रसंगाचा लघुपट करायचा झाला तर अग्निबाण लागणार नाही. एक बंद दार, एक आजी आणि सारे ठाऊक असूनही न उठणारा नातू एवढे पुरे. विज्ञान पाठ होणे वेगळे आणि अंगी बाणणे वेगळे. हे अंतर दाखविणे, हेच मला विज्ञानकथेचे खरे काम वाटते. आपल्या महाविद्यालयातील नाट्यप्रेमी मित्रांनी ते एकदा मनावर घ्यावे. तो नातू उभा करायला मी तयार आहे. सराव झालेलाच आहे!