विनोदी अद्भुतकथेचे श्राव्य निवेदन आणि गोंधळातील साथीदार

मराठीत श्राव्यपुस्तकांचा प्रसार झाला तो प्रामुख्याने २०१७ मध्ये 'स्टोरीटेल'ची सेवा भारतात सुरू झाल्यानंतर. या माध्यमाविषयीचे श्रोत्यांचे अभिप्राय पुष्कळदा निवेदकाच्या आवाजापाशीच थांबतात. उच्चार स्पष्ट आहेत, पात्रे वेगळी वाटत नाहीत, अभिनय फार झाला, अशा स्वरूपाचे ते असतात. विनोदी अद्भुतकथेच्या बाबतीत हे अभिप्राय परस्परांना छेद देतात. एकाला जो निवेदक रंगतदार वाटतो तोच दुसऱ्याला असह्य होतो. हा केवळ आवडनिवडीचा प्रश्न मानता येत नाही. त्याचे मूळ या कथाप्रकाराच्या रचनेत आहे आणि ते उलगडण्यास धाराशिव जिल्ह्यातील गोंधळाची परंपरा साहाय्यभूत ठरते.

तुळजापूरच्या भवानीचे उपासक असलेले कदमराई गोंधळी मंगलकार्यानंतर संबळ, तुणतुणे आणि दिवटी घेऊन गोंधळ घालतात. पूर्वरंगातील देवतांच्या आवाहनानंतर उत्तररंगात आख्यान लागते. येथे मुख्य गोंधळ्याचा साथीदार केवळ वाद्याची साथ करीत नाही. तो हुंकार देतो, मध्येच शंका काढतो, भलताच अर्थ लावतो आणि चढत चाललेल्या गांभीर्याला हळूच टाचणी लावतो. विठ्ठल उमप यांच्या सादरीकरणामुळे नागर रसिकांपर्यंत पोहोचलेले 'जांभूळ आख्यान' या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तुटलेले जांभूळ मनातील सत्य उघड केल्यावर पुन्हा देठाला लागते, ही घटना अद्भुत; आणि ते सत्य द्रौपदीच्या मनातील कर्णाविषयीचे असल्याने प्रसंग अवघडही. अशा ठिकाणी निवेदकाने अद्भुतावर पूर्ण विश्वास ठेवून बोलावयाचे आणि त्याची खरेखोटेपणाची परीक्षा साथीदाराने श्रोत्यांच्या वतीने करावयाची, अशी ही श्रमविभागणी आहे. हसू उमटते ते या दोन भूमिकांच्या मधल्या फटीत.

श्राव्यपुस्तकात बहुधा एकच आवाज असतो. हुंकार देणारा कोणी नाही आणि श्रोता तर समोरही नाही. मग निवेदक दोन्ही भूमिका स्वतःकडे घेऊ पाहतो. अद्भुत सांगता सांगताच तो स्वरातून हसतो, विनोदाच्या जागेपूर्वी थबकतो, 'हे गमतीचे आहे बरे का' असे सुचवितो. 'अभिनय फार झाला' ही तक्रार वस्तुतः या सूचकतेविषयीची असते. उलट सपाट वाचनाने श्रद्धा टिकते, पण शंका हरवते. मग कथा कंटाळवाणी वाटते.

एका आवाजात हे साधत नाही असे मात्र नव्हे. द. मा. मिरासदार (१९२७–२०२१) यांच्या कथाकथनाचे बळ त्यांच्या निर्विकारपणात होते. 'भुताचा जन्म' यासारख्या कथेत अशक्य गोष्ट सहज हकिकतीसारखी सांगितली जाते आणि शंका घेण्याचे काम श्रोत्यावर सोपविले जाते. अर्थात त्यांच्यापुढे सभागृह होते, हा भेद दुर्लक्षून चालणार नाही. सभागृहातील हशा हाच तेथे साथीदार होता, आणि पुढचे वाक्य केव्हा उच्चारावयाचे हे तोच ठरवीत असे.

इंग्रजीतील टेरी प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. या कादंबऱ्यांतील बराचसा विनोद तळटीपांत असतो. छापील पानावर वाचक खाली नजर टाकून परत येतो. श्राव्य रूपात तळटीप वाक्याच्या मध्येच घुसते. नायजेल प्लॅनर, स्टीफन ब्रिग्ज आदी आधीच्या निवेदकांना ती स्वतःच वाचावी लागे. २०२२ पासून निघालेल्या नव्या ध्वनिमुद्रणांत मात्र तळटीपा बिल नाय यांच्या स्वतंत्र आवाजात आहेत, तर मृत्यू या पात्रासाठी पीटर सेराफिनोविच यांचा आवाज योजला आहे. लंडनच्या प्रकाशकाला गोंधळ ठाऊक असण्याचे कारण नाही. पण मूळ कथनाला मध्येच अडवणारा दुसरा गळा त्यालाही आवश्यक वाटला.

मराठी निवेदनात या प्रश्नाला बोलीचाही एक पदर आहे. गोंधळातील साथीदाराची शंका येते ती श्रोत्यांच्याच बोलीत, 'काय करायलास' अशा थाटात. ध्वनिमुद्रणात मात्र कथा धाराशिवची असो वा साताऱ्याची, पुष्कळदा एकच ठराविक 'ग्रामीण' हेल लावला जातो. त्यामुळे शंका घेणारा श्रोत्यांपैकी एक राहत नाही, तोच हास्यास्पद होऊन बसतो. मराठवाड्यातील श्रोता अशा निवेदनाला 'खोटे' म्हणतो तेव्हा तो कथेतील भुताला खोटे म्हणत नसतो.