जमिनीच्या नोंदी आणि ब्लॉकचेन पद्धती

शेतकऱ्याच्या घरी बियाणे, अवजारे व जनावरे यांची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढीच जमिनीच्या कागदांची घेणे अगत्याचे असते. पीककर्ज काढणे, वारसाची नोंद लावणे, बांधाच्या तंट्यात हक्क शाबीत करणे, अशा प्रत्येक प्रसंगी सातबाराचा उतारा पुढे ठेवावा लागतो. त्यावरील एक नाव किंवा एक आकडा परस्पर बदलला गेला, तर पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीसाठी कोर्टाची पायरी चढण्याची पाळी येते. असा बदल लपून राहू नये यासाठी पुढे आलेल्या ब्लॉकचेन या पद्धतीची माहिती शेतकऱ्यांनी करून घेणे हिताचे आहे.

जुने तत्त्व, नवे साधन

खरेदी, वाटणी अथवा वारसा झाला की प्रथम गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. ती प्रमाणित झाल्यावर सातबारावरील जुने नाव कंसात जाते, नवे नाव लागते आणि त्यापाशी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात येतो. त्या क्रमांकाचा माग काढीत गेले असता जमीन कोणाकडून कोणाकडे आली हे उमगते. जुनी नोंद पुसावयाची नाही, नवी नोंद मागील नोंदीशी जोडावयाची, हे तत्त्व महसुली दप्तरात पूर्वीपासूनच आहे. ब्लॉकचेन याच जोडणीला गणिताचे कुलूप लावते.

पद्धत कशी चालते?

ठराविक नोंदींचा एक गट करतात. त्यास ठोकळा म्हणावे. संगणक त्या मजकुराचा एक ठसा काढतो. एसएचए-२५६ या प्रचलित रीतीत हा ठसा ६४ अंकाक्षरांचा असतो. ज्याप्रमाणे अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखता येतो, त्याप्रमाणे या ठशावरून मजकूर तोच आहे की नाही हे ताडून पाहता येते. २ हेक्टर ४० आर या क्षेत्राऐवजी २ हेक्टर ०४ आर असे कोणी केले, तर ठसा पार बदलतो. प्रत्येक ठोकळ्यात मागील ठोकळ्याचा ठसा नोंदलेला असल्याने एका ठिकाणी केलेली लबाडी पुढील सर्व साखळीत उघडी पडते. शिवाय साखळीच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या असतात.

मुख्य फायदे

१. केलेली खाडाखोड लपत नाही.
२. दुरुस्ती करावयाची झाल्यास नवी नोंद करावी लागते. त्यामुळे पूर्वीची नोंद व दुरुस्तीची वेळ दोन्ही कायम राहतात.
३. एका कचेरीचे दप्तर आगीत वा पुरात गेले, तरी अन्यत्र असलेल्या प्रतींवरून साखळी पुन्हा उभी करता येते.
४. बँकेला अथवा खरेदीदाराला कागदाचा खरेपणा थोड्या वेळात पडताळता येतो.

जॉर्जिया देशातील प्रयोग

काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या जॉर्जिया देशात सार्वजनिक नोंदणीच्या राष्ट्रीय संस्थेने २०१६ साली जमिनीच्या दाखल्यांसाठी हा प्रयोग हाती घेतला. मूळ दाखला संस्थेच्याच दप्तरी ठेवून त्याचा केवळ ठसा बिटकॉइनच्या खुल्या साखळीत नोंदविण्यात आला. ठशावरून मूळ मजकूर वाचता येत नाही; परंतु ज्याच्या हाती दाखला आहे, त्याला तो ठशाशी ताडून पाहता येतो. गुप्तता व पडताळणी अशा दोन्ही गोष्टी त्यामुळे साधतात.

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे मिळू लागले. उतारा कोणी प्रमाणित केला व नंतर त्यात बदल झाला काय, हे स्वाक्षरीवरून कळते. मात्र मूळ दप्तरातील नोंद आधीच बदलून नवा उतारा काढला असल्यास ते केवळ स्वाक्षरीवरून कळत नाही. ती उणीव साखळी भरून काढू शकते.

मर्यादा

साखळीत घातलेली नोंद सुरक्षित राहते, परंतु ती खरी असतेच असे नाही. किडके बी कितीही चांगल्या कणगीत भरले, तरी ते उगवत नाही. चुकीची मोजणी किंवा वगळलेला वारस साखळीत गेला, तर ती चूकच जपली जाईल. तसेच सर्व प्रती एकाच कचेरीच्या ताब्यात राहिल्यास संपूर्ण साखळी नव्याने लिहिण्याची सोय त्या कचेरीला राहते. म्हणून प्रती परस्परांपासून स्वतंत्र अशा संस्थांकडे असणे आवश्यक आहे.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

कोणतेही यंत्र आले, तरी नोंद होतानाची जागरूकता शेतकऱ्यानेच बाळगावयाची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावी. फेरफाराची नोटीस मिळताच ती वाचून घ्यावी आणि हरकत असल्यास १५ दिवसांच्या आत लेखी नोंदवावी. वर्षातून एकदा तरी उतारा काढून नाव, क्षेत्र व इतर हक्कांचा रकाना तपासावा. नोंद आरंभीच बिनचूक असेल, तरच तिला जपणाऱ्या साखळीचा लाभ पुढील पिढीला मिळेल.