सूर्याचे घड्याळ

आज खेड्यापाड्यांतही ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल असल्यामुळे वेळ विचारण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आमच्या वाडवडिलांच्या घरी घड्याळ नव्हते; तरी त्यांचा बाजार चुकला नाही व पेरणीही चुकली नाही. ते वेळ कशी ओळखीत, हे या पाठात आम्ही सांगणार आहो.

नागपूरकडील कास्तकार तांबडे फुटताच उठे. दिवस कासराभर वर आला, म्हणजे बैलांच्या दोरीएवढा चढलेला दिसला, की सकाळ बरीच झाली असे तो समजे. तो डोक्यावर आला की बैल सोडी. गुरे धूळ उडवीत परतली की गोरज झाली म्हणे. जाणते लोक अहोरात्राचे ८ प्रहर व ६० घटका मोजीत. प्रहर ३ तासांचा व घटका २४ मिनिटांची. रात्री अथवा आभाळ आले असता बुडाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडीत. ते भरून बुडाले की एक घटका झाली.

माध्यान्ह कोणासही काढिता येते. हिवाळ्यात सपाट अंगणात हातभर काठी ओळंब्याने सरळ रोवावी व तिच्या दीडपट दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सावलीचे टोक सकाळी व दुपारनंतर वर्तुळास जेथे जेथे शिवेल तेथे खुणा कराव्या. त्या खुणांस जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम होय. तिच्या मध्यापासून काठीच्या बुडापर्यंतची रेघ दक्षिणोत्तर होय. दुसऱ्या दिवशी सावली हिच्यावर आली की माध्यान्ह झाली.

त्या क्षणी घड्याळात मात्र बहुधा बारा वाजून गेलेले असतील. भारताची प्रमाणवेळ ८२½ अंश रेखांशाची आहे आणि नागपूर ७९ अंशांच्या जवळ, म्हणजे पश्चिमेस आहे. एका अंशास ४ मिनिटे लागतात. म्हणून येथे माध्यान्ह सरासरीने १२ वाजून १४ मिनिटांनी होते. यात खोटे कोणीच नाही. सूर्य त्या गावची वेळ सांगतो, घड्याळ साऱ्या देशाने ठरविलेली.

सूर्याच्या घड्याळात एक अडचण आहे. नागपुरास जूनच्या अखेरीस दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा, तर डिसेंबरात १० तास ५० मिनिटांचाच असतो. जेथे उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम व एका दिवसाची मजुरी असा ठराव असे, तेथे उन्हाळ्यात मजूर अडीच तास अधिक राबे. विजेचे दिवे येण्यापूर्वी हिंदी कापड गिरण्याही उजेडाच्या मानाने चालत. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, ती याच काळात.

हे ध्यानी ठेवून मत्तयाच्या २० व्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला वाचावा. तेथील तास सूर्योदयापासून मोजलेले आहेत. तिसरा तास म्हणजे सकाळचे नऊ, सहावा म्हणजे माध्यान्ह, आणि अकरावा म्हणजे मावळतीस एकच तास उरलेला. हा अकरावा तास दुपारपूर्वीचे अकरा आहेत असे जो उपदेशक समजावील, त्याच्या श्रोत्यांस धन्याच्या औदार्याचे आश्चर्य कसे वाटावे? दिवसभर चौकात उभा राहून ज्यास कोणी कामास लाविले नाही, त्याच्या हाती संध्याकाळी पुरी रोजी पडली. ही गोष्ट आमच्या मजूर बंधुभगिनींस समजण्यास कठीण नाही. फक्त तास नीट सांगितला पाहिजे.