हिशेब घरी, तपासणी वर्गात

मुलांनो, जमा, बाकी, हिशेब हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. बारावीनंतर नोकरी सांभाळूनही हा हिशेब शिकता येतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातही त्याची अभ्यासकेंद्रे आहेत. पुस्तक घरी वाचायचे, अडले ते केंद्रावर विचारायचे. आता मोबाइलवरही धडे पाहता येतात. पण नुसते पाहून हिशेब येतो का?

समजा, रहीमचाचांनी उधारीचे ५०० रुपये दिले आणि तुम्ही ते करीमभाईंच्या खात्यावर जमा केले. तेरीज बरोबर जुळते! चूक मात्र लपून राहते आणि पैसे देऊनही रहीमचाचांकडे तगादा जातो. म्हणून धडा पाहिल्यावर रोजकीर्द व खतावणी स्वतःच्या हाताने लिहा. मग वही शिक्षकांपुढे ठेवा. ते पहिल्यांदा हेच विचारतील, "हे पैसे नेमके कोणी दिले?"