कातड्याचा हंगाम आणि ताईचं थोडं ऐक

अगं, बकरी ईदला कातडी गोळा करायची, मीठ लावून चेन्नईकडे पाठवायची, हे तू मनाशी पक्कं केलंयस, असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. बेत वाईट नाही. चामड्याचं काम आपल्याला नवं नाही, आणि आपल्या शहरातल्या किराडपुरा, रोशनगेट, शहागंज या भागांतून ईदच्या तीन दिवसांत माल भरपूर निघतो. पण पैसे गुंतवायच्या आधी थोडं मोकळेपणानं बोलू दे मला.

आधी भावाचं सांगते, कारण तुझा हिशेब तिथेच फसण्याची भीती आहे. बकऱ्याच्या कातड्याला एके काळी शेकड्यांत पैसे यायचे. कुर्बानीचं कातडं विकून आलेला पैसा घरात वापरत नाहीत, कसायाची मजुरीही त्यातून भागवत नाहीत. म्हणून लोक ते मदरशांना देतात, आणि पूर्वी त्यातून मदरशांचा बराच खर्च निघायचा. गेल्या काही वर्षांत भाव इतका पडला की ठिकठिकाणी लोकांनी कातडी पुरून टाकली. पर्स आणि बुटांत रेक्झिन शिरलं, टॅनरींना सांडपाण्याचे नियम जड झाले, कोविडमध्ये निर्यात अडली. त्यात 2025च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं. तमिळनाडूतल्या आंबूर, वाणियंबाडी, राणीपेठच्या कारखान्यांना परदेशातून मागणी असेल तरच आपल्या शहागंजातल्या कातड्याला भाव असतो, हे कायम ध्यानात ठेव.

चांगल्या गोष्टीही घडल्यात. 2025च्या अर्थसंकल्पात क्रस्ट, म्हणजे कमावलेल्या पण शेवटचा हात न फिरवलेल्या, चामड्यावरचं 20 टक्के निर्यातशुल्क काढलं. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनशी व्यापार करार झाला, आणि सप्टेंबरपासून तयार चामड्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पण हा फायदा आधी टॅनरीवाल्याच्या पदरात पडतो. कच्चा माल विकणाऱ्यापर्यंत तो सगळ्यात शेवटी पोचतो, तोही माल उत्तम असेल तर. म्हणून पुढे भाव चढेल या आशेवर साठा करून बसू नकोस. थोडा माल घे, पण एकही डाग नसलेला घे.

आता डाग कुठून येतात ते ऐक. ईदला हौशी हातही सुरी धरतात, आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं. गळ्यापासून पोटाच्या मधोमध एक सरळ चीर द्यायची, पाय मोकळे करायचे आणि पुढे सुरी बाजूला ठेवून मुठीनं कातडं सुटं करायचं, ही खरी पद्धत. घाईत सुरी आत जाते, मांसाच्या बाजूला काप पडतो, आणि कमावल्यावर त्याच जागी चामडं फाटतं. म्हणून ओळखीच्या खाटकांशी ईदच्या आधीच बोलून घे. बिनकापाच्या कातड्याला जास्त देईन, काप असलेलं घेणारच नाही, असं स्पष्ट सांग. हा जास्तीचा पैसा तुला परत मिळतो. गोचिडाचे व्रण, देवीचे वण, काटेरी कुंपणाचे ओरखडे केसांखाली दडलेले असतात. तेव्हा कातडं उजेडात धरून हात फिरवून बघितल्याशिवाय पैसे मोजू नकोस.

यापुढे उन्हाचं भान ठेवावं लागेल. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 2025ला ती 7 जूनला होती, म्हणजे यापुढची काही वर्षं ती मेच्या काहिलीत येणार. मराठवाड्याच्या त्या उन्हात ओलं कातडं चार तासही दम धरत नाही. केस ओढले की उपटून येऊ लागले, तर माल गेला असं समज. त्यामुळे गाडी, मीठ आणि माणसं आदल्या दिवशीच तयार हवीत. एका घरून दुसऱ्या घरी हिंडत संध्याकाळी मीठ लावू, असं मनातही आणू नकोस. दर दोन तासांनी माल मिठाजवळ पोचला पाहिजे.

मिठाचा हिशेब सोपा आहे. ओलं कातडं साधारण दीड ते दोन किलो भरतं, आणि त्याच्या वजनाच्या चाळीस ते पन्नास टक्के मीठ लागतं. शंभर कातड्यांना क्विंटलभर मीठ धर. रक्त आणि शेण स्वच्छ पाण्यानं झटपट धुऊन पाणी निथळू दे, चिकटलेली चरबी आणि मांस खरवडून काढ. मग सावलीत, उताराच्या फरशीवर, मांसाची बाजू वर करून पसर आणि मीठ चोळ. मान, पाय, कडा यांच्या घड्या उलगडायला विसरू नकोस, कारण कुजणं घडीतच सुरू होतं. एकावर एक थर रच, पाणी सुटून वाहून जाऊ दे. दुसऱ्या दिवशी उलटून झटक आणि ताजं मीठ लाव. वापरलेलं मीठ पुन्हा घेऊ नकोस, त्यातले जंतू मालावर लाल डाग पाडतात. उन्हात वाळवायचा मोह तर अजिबात नको. वरून कडक होतं, आत सडत राहतं. पावसाची सर येण्याआधी माल रवाना झालेला बरा.

निथळलेलं खारं पाणी गटारात, विहिरीजवळ किंवा शेतात सोडू नकोस गं. टॅनरींच्या पाण्यानं तमिळनाडूत पालार नदीकाठच्या विहिरींचं काय झालं, ते 1996च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आलंय. आपल्याकडे आधीच पाण्याची ओढ, त्यात आपली भर नको.

कागद सांभाळ. राज्यात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, 2015पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. शेळी-मेंढीचं कातडं त्यात येत नाही, पण रस्त्यात गाडी अडली तर हे तोंडी सांगून भागत नाही. कत्तलखान्याची किंवा मदरशाची पावती, खरेदीची नोंद आणि जीएसटीचे कागद गाडीत असू दे. दुसऱ्या कुठल्याही जनावराचं कातडं मधे मिसळू देऊ नकोस. आणि परदेशात कोल्ह्या-मिंकच्या फरला भाव आहे, असं कुणी कानात सांगितलं, किंवा मुंगसाचे केस, खोकडाचं कातडं आणून दिलं, तर तिथल्या तिथे नकार दे. मुंगूस, खोकड अशा वन्यप्राण्यांच्या केसांचा-कातड्याचा व्यापार 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गुन्हा आहे. मिंक, कोल्हा, चिंचिला यांच्या फरची आयातसुद्धा भारतानं 2017पासून बंद केलीय. त्या वाटेला जायचंच नाही.

चेन्नई दूर वाटली तर कोल्हापूरकडेही बघ. कोल्हापुरी चपलेच्या वेणीला बकऱ्याचं, वनस्पतींच्या सालीनं कमावलेलं चामडं लागतं. माल थोडा असला तरी एकसारखा आणि स्वच्छ हवा असतो, आणि तेच तुला जमण्यासारखं आहे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या कार्यालयात एकदा जाऊन कर्जाची आणि प्रशिक्षणाची चौकशी करून ये. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचं मार्गदर्शनही मिळतं का बघ. विचारायला लाजू नकोस.

शेवटचं सांगते. आधी गिऱ्हाईक ठरव, त्याच्याकडून दर आणि प्रत लेखी घे, आणि मगच मिठाची पोती आण. गिऱ्हाईक ठरलं नाही, तर या वर्षी थांब. हंगाम पुढच्या वर्षीही येणार आहे, पण अडकलेलं भांडवल सोडवायला वर्षं लागतात.