घेतल्यावर भाव उतरला तर?

भाव चढतो, भाव उतरतो. बाजाराची ही रीतच आहे. आज मेथीची जुडी वीस रुपयांना घेतली आणि उद्या ती दहाला मिळाली, म्हणून कोणी भाजीवालीकडे दहा रुपये परत मागायला जात नाही. पण वस्तू मोठी असली, तिच्यासाठी वर्षभर पैसा साठवला असला, आणि ती घरी आणल्यावर चारच दिवसांत भाव उतरला, म्हणजे जीव हळहळतो. मनात येते, दुकानात जावे का? वरचे पैसे परत मागावेत का?

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कधी ते पैसे आपल्या हक्काचे असतात. कधी ते विनंती करून मिळाले तर मिळतात. हक्क कुठे आणि विनंती कुठे, हे ज्याला कळले त्याचे पैसे वाचतात आणि भांडणही टळते. तेच आज आपण पाहू.

२२ सप्टेंबरची गोष्ट

असा प्रसंग २०२५ साली साऱ्या देशात आला. आपण दुकानातून जी वस्तू घेतो, तिच्या किमतीत बहुधा सरकारचा कर असतो. त्याचे नाव वस्तू व सेवा कर. बोलताना आपण त्याला जीएसटी म्हणतो. हा कर १ जुलै २०१७ पासून सुरू झाला.

३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने पुष्कळ वस्तूंवरचा कर कमी करायचे ठरवले. नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. शिलाई मशीन, सायकल, शेतीचा ट्रॅक्टर, ठिबक आणि तुषार सिंचनाचे साहित्य यांवर शेकडा १२ कर होता, तो शेकडा ५ झाला. सिमेंटवर शेकडा २८ होता, तो १८ झाला. अंगाचा साबण, केसांचे तेल, टूथपेस्ट यांवरचा कर १८ वरून ५ वर आला.

ठरले ३ तारखेला, लागू झाले २२ तारखेला. मध्ये १९ दिवस गेले. ज्यांनी बातमी वाचली त्यांनी मोठी खरेदी थांबवली. ज्यांच्या कानी ती गेली नाही, त्यांनी जुना कर भरून माल घेतला. वाचता येण्याचा उपयोग हा असा पैशात मोजता येतो.

आता हिशेब करू. समजा, शिलाई मशीनची मूळ किंमत १०,००० रुपये आहे.

शेकडा १२ कर: १,२०० रुपये. एकूण ११,२०० रुपये.
शेकडा ५ कर: ५०० रुपये. एकूण १०,५०० रुपये.
फरक: ७०० रुपये.

ताई आणि शेठ

समजा, एका ताईने १८ सप्टेंबरला असे मशीन घेतले. ११,२०० रुपये रोख मोजले. पक्के बिल घेतले. २४ तारखेला शेजारणीने त्याच दुकानातून तसलेच मशीन १०,५०० रुपयांना आणले. ताई बिल घेऊन दुकानात गेली.

"शेठ, माझे सातशे रुपये परत द्या."

"ताई, आधी बसा. पाणी घ्या. तुमच्या बिलावर तारीख कोणती आहे?"

"अठरा."

"अठरा तारखेला कर शेकडा बारा होता. ते बाराशे रुपये सरकारचे. ते माझ्या गल्ल्यात राहत नाहीत."

"पण लगेच भाव उतरला, यात माझा काय दोष?"

"दोष तुमचा नाही, अन् माझाही नाही. उलट कर वाढला असता, तर मी वरचे पैसे मागायला तुमच्या दारी आलो असतो का?"

ताई विचारात पडली. शेठचे म्हणणे बरोबर होते. माल दिला, पैसे घेतले, बिल झाले, म्हणजे सौदा पुरा झाला. त्या दिवशीचा भाव तोच खरा. पुढे भाव उतरला म्हणून फरक परत द्यावा, असे आपल्याकडे कायदा सांगत नाही.

हक्काचे पैसे कोणते?

पण तीन प्रसंगी आपण हक्काने पैसे मागू शकतो. ते नीट समजून घ्या.

पहिला प्रसंग. इसार आधी दिला, माल आणि बिल मागून मिळाले. समजा, एका शेतकऱ्याने १० सप्टेंबरला ट्रॅक्टरसाठी आगाऊ पैसे भरले. ट्रॅक्टर आणि बिल दोन्ही २५ सप्टेंबरला मिळाले. अशा वेळी नवा कर, म्हणजे शेकडा ५, लागतो. ट्रॅक्टरची मूळ किंमत ६ लाख रुपये धरली, तर जुना कर ७२,००० रुपये आणि नवा ३०,००० रुपये होतो. फरक ४२,००० रुपयांचा! "तुम्ही बुकिंग आधी केले होते," असे सांगून कोणी जुना कर लावला, तर ते चूक आहे. मात्र पूर्ण पैसे आणि बिल ही दोन्ही २२ तारखेच्या आधीची असतील, तर ट्रॅक्टर मागून आला तरी कर जुनाच लागतो.

दुसरा प्रसंग. कर उतरल्यानंतर माल घेतला, तरी बिलात जुनाच कर लावला. कर कमी झाला की त्याचा लाभ गिऱ्हाइकाला किमतीत मिळाला पाहिजे, असे जीएसटीच्या कायद्यातच लिहिले आहे. तसेच बंद पाकिटावर छापलेल्या किमतीहून जास्त पैसे कोणालाही घेता येत नाहीत. त्या किमतीत सगळे कर धरलेले असतात. "छापील किंमत अधिक कर" असे कोणी मागितले, तर देऊ नका.

तिसरा प्रसंग. दुकानदाराने तसा शब्द दिला होता. अमेरिकेत काही मोठ्या दुकानांचा असा नेम आहे की, ठरावीक दिवसांत भाव उतरला तर गिऱ्हाइकाने बिल दाखवावे आणि फरक घेऊन जावा. तिथेही तो दुकानाने स्वतः घातलेला नेम आहे. आपल्याकडे एखाद्या दुकानाने जाहिरातीत किंवा बिलावर असे लिहिले असेल, तर तो शब्द त्याने पाळला पाहिजे. किमतीबद्दल गिऱ्हाइकाची दिशाभूल करणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे.

विनंती कशी करावी?

हक्क नसला म्हणून तोंड मिटून बसावे असे नाही. मागितल्याशिवाय आईदेखील जेवायला वाढत नाही. कराचे पैसे सरकारचे असतात, पण दुकानदाराचा नफा त्याच्या हातात असतो. दसरा-दिवाळीला दुकानदार स्वतःच्या मर्जीने भाव उतरवतो. तुम्ही चारच दिवस आधी माल घेतला असेल, तर लगेच जा. महिना जाऊ देऊ नका. बिल बरोबर न्या. गर्दीची वेळ टाळा. आवाज चढवू नका.

असे म्हणा: "शेठ, सौदा झाला तो झाला. पण मी तुमचे नेहमीचे गिऱ्हाईक आहे. चारच दिवसांत भाव उतरला. काहीतरी सोय करा."

शेठ रोख पैसे देईल असे नाही. पण मशीनच्या सुया, बॉबिन, तेल देईल, किंवा एक दुरुस्ती फुकट करून देईल. वस्तूचे खोके उघडलेच नसेल, तर ती परत घ्याल का, असेही विचारून पाहा. दिले तर आनंद. नाही दिले तर राम राम करून परत या. विनंतीला "नाही" म्हणण्याची मोकळीक समोरच्याला असते.

एक गोष्ट मात्र कधी करू नका. "बिलावर पुढची तारीख टाका, म्हणजे कर कमी लागेल," असे सांगू नका. दुकानदार म्हणाला, तरी ऐकू नका. खोटी तारीख टाकणे हा गुन्हा आहे. शिवाय वस्तू बिघडली, तर तेच खोटे बिल तुमच्या आड येते.

घेण्याआधी विचारा

भाव उतरल्यावर धावणे म्हणजे वरातीमागून घोडे. शहाणा माणूस पैसे मोजण्याआधी विचारतो. तीन प्रश्न पाठ करून ठेवा.

१. थोड्या दिवसांत भाव उतरणार आहे का? सणाची सवलत कधी लागणार?
२. पंधरा दिवसांत भाव उतरला तर फरक द्याल का?
३. खोके न उघडता वस्तू परत आणली तर घ्याल का?

दुकानदार "हो" म्हणाला, तर तेवढे बिलावर लिहून घ्या आणि सही घ्या. तोंडी शब्द वाऱ्यावर जातो. आणि बिल पक्केच घ्या. कच्च्या चिठ्ठीवर ना तारीख धड असते, ना कर लिहिलेला असतो. मागूनही बिल न देणे हीदेखील कायद्याने अनुचित प्रथा आहे.

दाद कुठे मागावी?

हक्काचे पैसे असून दुकानदार देत नसेल, तर आधी त्याला लेखी अर्ज द्या. त्याची नक्कल आपल्याजवळ ठेवा. मग १९१५ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

तेवढ्याने काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला फी पडत नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. आणि तिथे पहिला प्रश्न येईल तो हाच: "बिल कुठे आहे?"

ध्यानात ठेवा

सौदा पुरा झाल्यावर भाव उतरला, तर फरक मागणे ही विनंती आहे.
चुकीचा कर लावला, छापील किमतीहून जास्त घेतले किंवा लिहून दिलेला शब्द मोडला, तर पैसे मागणे हा हक्क आहे.
विनंती असो की हक्क, बिल हाताशी असू द्या.

अभ्यास

१. तुमच्या घरातले एखादे बिल काढा. त्यावरची तारीख, मूळ किंमत, कर आणि एकूण रक्कम मोठ्याने वाचा.
२. एका सायकलची मूळ किंमत ५,००० रुपये आहे. शेकडा १२ कर धरून किती पैसे होतील? शेकडा ५ धरून किती होतील? फरक किती?
३. ताईचे सातशे रुपये हक्काचे का नव्हते? ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याचे बेचाळीस हजार हक्काचे का होते? दोन-दोन ओळी लिहा.
४. दुकानदाराला विचारायचे तीन प्रश्न न पाहता लिहा.