चुल्लसेट्ठि जातक : व्यवसाय सुचतो कसा?

आमच्या निवासी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना 'पुढे काय?' असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. पोलीस भरती, तलाठी, शिक्षक, परिचारिका. आणि गुण बरे असतील तर लातूरला शिकवणी लावून वैद्यकीय प्रवेश. ही उत्तरे चुकीची आहेत असे आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या राखीव जागांच्या बळावरच आमच्या दोन पिढ्या गावकुसाबाहेरून बाहेर पडल्या. परंतु सरकारी जागा आता क्वचित निघतात, आणि निघाल्या तरी अनेक ठिकाणी कंत्राटी असतात. व्यवसायाचा विषय काढला की मुले म्हणतात, "सर, करू, पण काय करावे ते सुचत नाही." या 'सुचत नाही'चा विचार येथे करावयाचा आहे आणि त्यासाठी जातकसंग्रहातील चौथी कथा, चुल्लसेट्ठि जातक, आम्ही हाती घेत आहोत.

वाराणसीत चुल्लसेट्ठि नावाचा श्रेष्ठी होता. एके दिवशी राजाकडे जाताना त्याला रस्त्यात मेलेला उंदीर दिसला. तो म्हणाला, 'बुद्धी असलेला तरुण एवढ्या भांडवलावरही व्यवसाय उभारील व संसार चालवील.' हे बोलण्यापूर्वी त्याने नक्षत्रे पाहिली असे कथा सांगते. तो भाग आम्ही सोडून देतो, कारण पुढे जे घडते त्यात नक्षत्रांचे काही काम नाही. एका गरीब तरुणाने ते शब्द ऐकले. त्याने उंदीर उचलला आणि एका गुत्तेदाराला मांजरासाठी विकला. एक कवडीमोल नाणे मिळाले. त्याचा त्याने गूळ घेतला, एक घागर पाणी भरले आणि रानातून दमून येणाऱ्या फुले वेचणाऱ्यांना गुळाचा खडा व पळीभर पाणी दिले. त्यांनी मूठमूठ फुले दिली. ती विकून दुसऱ्या दिवशी जास्त गूळ आला. असे करता करता आठ कार्षापण जमले.

पुढे वादळात राजाच्या बागेत वाळक्या फांद्यांचा खच पडला. माळी हवालदिल. तरुणाने फांद्या आपल्याला मिळाव्यात या अटीवर बाग साफ करण्याचे पत्करले, खेळणाऱ्या मुलांना गूळ दिला आणि त्यांच्याकडून फांद्या गोळा करून घेतल्या. राजाच्या कुंभाराला भट्टीसाठी जळण हवेच होते. सोळा कार्षापण आले. नंतर त्याने नगरद्वाराजवळ पाण्याचा रांजण ठेवून पाचशे गवत कापणाऱ्यांची तहान भागविली, पण मोबदला लगेच मागितला नाही. घोड्यांचा व्यापारी पाचशे घोडे घेऊन येणार ही बातमी एका स्नेही व्यापाऱ्याकडून कळली, त्या दिवशी त्याने प्रत्येकाकडून गवताची एकेक पेंढी मागून घेतली आणि आपले गवत विकले जाईपर्यंत कोणी विकू नये एवढी विनंती केली. एक हजार नाणी मिळाली.

या तरुणाने नवा शोध एकही लावला नाही. एकाला नकोशी असलेली वस्तू दुसऱ्याला कोठे हवी आहे, एवढेच त्याने पाहिले. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातील पापणिक सुत्तात यशस्वी दुकानदाराचा पहिला गुण 'चक्षुमान' असा सांगितला आहे: हा माल अमुक किमतीला घेतला, अमुक किमतीला विकला, तर इतके मूळ राहील आणि इतका लाभ होईल, हे ज्याला दिसते तो डोळस.

तथापि इतिहासाचा विद्यार्थी येथे थांबू शकत नाही. या कथेतील तरुणाचा सारा डोलारा पाण्यावर उभा आहे. त्याच्या हातचे पाणी फुलेवाले प्याले, गवत कापणारे प्याले. तो गरीब असला तरी कुलीन होता, असे कथाच सांगते. आमच्या आजोबांनी मराठवाड्यातील एखाद्या वेशीत पाण्याचा रांजण ठेवला असता तर? 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी जेथे सत्याग्रह करावा लागला, तेथे पाणी देऊन स्नेह जोडणारा व्यवसाय आमच्यासाठी बंदच होता. आमच्या पूर्वजांना व्यवसाय सुचत नव्हते असे कोणी म्हणू नये. खुद्द बाबासाहेबांनी बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस आल्यावर शेअरबाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देणारी पेढी काढली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! परंतु चालकाची जात कळताच ग्राहक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली.

आज परिस्थिती तशीच आहे काय? पूर्णपणे नाही. लातूर जिल्ह्यातील चोबळी गावचे मिलिंद कांबळे यांनी नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्य पदविका घेतली, पुण्यात आधी इतरांकडे नोकरी करून बांधकामाचा धंदा आतून पाहिला आणि मग स्वतः छोट्या कामांपासून कंत्राटदारी सुरू केली. 2005 मध्ये त्यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही संस्था स्थापन केली. 2013 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या सर्व मतांशी आम्ही सहमत असलोच पाहिजे असे नाही. 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते, हे आम्ही विसरत नाही. पण दाराशी गिरणी घालणारी बाई भांडवलदार नव्हे, आणि गावाच्या बलुत्यातून सुटून स्वतःच्या मालाचा भाव स्वतः सांगणे हे स्वाभिमानाचेच काम आहे.

आता आपल्या परिसराकडे त्या तरुणाच्या डोळ्यांनी पाहा. लातूरच्या डाळमिलमधून डाळ बाहेर जाते, मागे चुणी राहते, आणि ती दुभत्या जनावरांना हवी असते. अर्धापूर परिसरात केळीचा घड उतरला की खांब शेतकऱ्याला अडचणच होतो; त्या खांबातून धागा निघतो, उरलेल्या चोथ्याचे खत होते. पानचिंचोलीच्या चिंचेला आणि बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिंच फोडणाऱ्या बायकांच्या पायाशी पडणाऱ्या चिंचोक्यांची भुकटी कापडाच्या खळीसाठी वापरतात, हे त्यांच्यापैकी कितीजणींना ठाऊक असेल? नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून माणसे येतात. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या हजारो मुलांना घरच्यासारखा डबा लागतो, कपडे धुऊन लागतात, सेकंडहँड पुस्तके लागतात. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा शहरात गळके नळ दुरुस्त करणाऱ्या आणि छतावरचे पाणी जमिनीत मुरवून देणाऱ्या कुशल हातांना काम कमी पडू नये.

ग्राहक केवळ बाजारातच असतो असेही नाही. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची असते. प्रत्यक्ष खरेदी या आकड्याच्या बरीच मागे राहत आली आहे. त्याच धोरणात केवळ लहान उद्योगांकडूनच घ्यावयाच्या 358 वस्तूंची यादी आहे. ब्रश, बँडेजचे कापड अशा साध्या वस्तू तीत आहेत. नववी-दहावीच्या वर्गात ही यादी एकदा मोठ्याने वाचावी, असे आमचे मत आहे.

भगवंतांनी सांगितलेली मर्यादा मात्र आरंभीच पाळावी. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये. जातकातील पहिला ग्राहक गुत्तेदार होता, हे चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या लक्षात आले असेलच! मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगाला, दोन व्यवसायात आणि एक अडचणीच्या दिवसासाठी ठेवावा, हा सिगालोवाद सुत्तातील हिशेब आजही दुकानाच्या वहीत जसाच्या तसा मांडता येतो.

भांडवलासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. 2016 पासूनच्या स्टँड अप इंडिया योजनेत 10 लाख ते 1 कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद करण्यात आली. पण 10 लाखांचा अर्ज लिहिण्याआधी सुट्टीत गावी जाऊन महिनाभर एक वही ठेवा. गावात रोज काय फेकले जाते, कोणती वस्तू आणण्यासाठी लोक तालुक्याला जातात, कोणत्या कामासाठी माणूस मिळत नाही, एवढेच तीत लिहा. सोबत प्रत्येक वस्तूचा घेण्याचा व विकण्याचा भाव लिहा. जातीचा दाखला आणि बँकेचे खाते शाळा सोडण्यापूर्वीच तयार असावे. लघुउद्योगाची 'उद्यम' नोंदणी निःशुल्क होते. ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नये.